कशाचा डाग आहे?

भाच्याची हळद घरच्याच अंगणात होती, सांगलीला. नवऱ्यामुलाला हळद लावताना बायकांचा हात सैल सुटतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून मांडवात जुनी सतरंजी घातली होती, आम्हीही ठेवणीतल्या साड्या पेटीतच ठेवून जुन्या नेसलो होतो. पण ऐनवेळी कुणाला तरी वाटलं, पाट अगदीच उघडा दिसतोय. तिनं आत जाऊन टेबलावरचा पांढरा रुमाल उचलला आणि पाटावर घातला. आईनं क्रोशानं विणलेला होता तो. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

मुलगा उठला तेव्हा तो बसला होता तेवढाच गोल पांढरा उरला होता, बाकी सगळा रुमाल पिवळाजर्द. हळद तेलात कालवलेली, त्यामुळे दोऱ्यात चांगली मुरलेली. मी हां हां म्हणेपर्यंत वहिनीच्या बहिणीनं रुमाल मोरीत नेला, दगडावर टाकला आणि बार साबण घेऊन खसाखसा चोळायला सुरुवात केली. दोन मिनिटांत आतून ओरडणं ऐकू आलं, "अगं बाई, रक्त कुठलं आलं यात?"

रुमाल लालभडक झाला होता. मला हसू आलं. अशा प्रसंगी हसू नये, पण आलं. आमच्या घरात हा लाल रंग मी लहानपणापासून बघितला आहे.

आमचे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सांगलीची हळद म्हटलं की लोकांना सौदे आठवतात, हरिपूरची पेवं आठवतात. मला आठवतात अण्णांचे सदरे. पोती फोडून राजापुरी हळकुंडं ढिगावर ओतली की त्यांची धूळ उडते, आणि पॉलिशच्या पिंपाजवळ तर माणूस आत पांढरा जातो नि बाहेर पिवळा येतो. अण्णा गादीवर बसून वह्या लिहायचे तरी संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याची कॉलर, बाह्या आणि खिशाची कड पिवळी असायची. खिशाची कड सगळ्यात जास्त, कारण पेन काढायला बोटं तिथंच जायची. आईच्या भाषेत, "तुझे वडील रोज लग्नाला बसल्यासारखे घरी येतात."

ती सदऱ्यांना आधी साबण लावायची नाही. कोरडाच झटकून पहिली धूळ काढायची, मग नुसत्या पाण्यात पिळायची. कोरडी हळद जितकी झटकून जाते तितकी धुऊन जात नाही. मग साबण. साबण लागला की कॉलर लाल व्हायची, "झालं कुंकू" म्हणायची. हळदीत लिंबाचा रस नि टाकणखार घालून कुंकू करतात, त्यामुळे तिला त्यात नवल वाटायचं नाही. मग दोन-तीन पाण्यांतून सदरा काढला की तांबडा रंग उतरून परत पिवळा, पण जरा फिकट. तो पिवळा घालवायला ती हात लावायचीच नाही. सदरा ओला असतानाच माडीवर उन्हात टाकायची. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "उन्हाला खाऊ दे."

सातवीत विज्ञानाच्या तासाला बाईंनी टीपकागदाला हळद लावून त्यावर साबणाच्या पाण्यानं फूल काढून दाखवलं. लाल फूल उमटलं. वर्गातल्या मुली आ वासून बघत होत्या. मला वाटलं, अण्णांची कॉलर. बाईंनी सांगितलं ते असं: हळदीतलं पिवळं द्रव्य अल्कलीत लाल होतं, आम्लात परत पिवळं. साबण आणि धुण्याचा सोडा अल्कली, लिंबू आम्ल. हे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि उन्हानं मोडतं. कर्क्युमिनचं हे सगळं मात्र पुढं कॉलेजात कळलं. आईला ते नाव ठाऊक नव्हतं, पण कुठल्या वेळी काय करायचं नाही हे पाठ होतं.

तर तो रुमाल. मी तो हातातून काढून घेतला. आधी पितळी चमच्याच्या पाठीनं, न चोळता, वरचा जाड थर खरवडला. मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे घालून त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवला. हे हळदीसाठी नव्हे, तेलासाठी. तेल गेल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडत नाही. पाणी नारिंगी झालं, ते ओतून दुसरं घेतलं. तिसऱ्या पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस टाकला आणि रुमाल बुडवला तसा लाल रंग डोळ्यांदेखत पिवळा झाला. मांडवातली सगळी पोरं मोरीच्या दारात जमली होती. "आत्या, परत लाल कर ना!" म्हणून हट्ट धरला, तर मी एका कोपऱ्याला साबण लावून दाखवलाही. लिंबानं हळद गेली असं मात्र कुणी समजू नये. लिंबानं फक्त रंग पालटतो. घालवणारं ऊनच.

गच्चीवर स्वच्छ पांढरा पंचा पसरून त्यावर रुमाल सपाट पसरला. वाळत आला की परत पाण्याचा हबका. दुपारपर्यंत पिवळा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला. वऱ्हाड निघायच्या गडबडीत तो तिथंच राहिला. लग्न लागून, पूजा होऊन तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले तेव्हा रुमाल पांढरा होता. मधल्या फुलाच्या जिथं दोन-दोन गाठी एकावर एक येतात तिथं, आत, सुईच्या टोकाएवढा पिवळा राहिला आहे. तो मला दिसतो, कारण मला कुठं बघायचं ते ठाऊक आहे.

मिक्सरच्या भांड्याचं झाकण, लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा, पांढरी पोळपाटाची चकती, यांनाही हाच उपाय. घासून घासून चरे पाडण्यापेक्षा धुवून दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवावं.

आईची डागांच्या बाबतीत एक सवय होती. मी काहीही डाग पाडून आले, की ती रागवायच्या आधी विचारायची, "कशाचा आहे?" शाळेतून येताना पडून गुडघा फुटला तरी हेच. आधी प्रश्न, मग गुडघा. मला तेव्हा राग यायचा. आता मीही तेच विचारते, आणि माझ्या लेकीला राग येतो. पण उत्तर मिळेपर्यंत हात लावायचा नाही हा नियम चांगला आहे, कारण एका डागाचं औषध ते दुसऱ्याचं विष असतं. गरम पाणी तेलाच्या डागाला उपकारक, रक्ताच्या डागाला घातक.

हे मी वाचून शिकले नाही. कोल्हापूरला कॉलेजच्या वसतिगृहात होते, ८३-८४ सालची गोष्ट. पाळीचा डाग चादरीला पडला. चादर घरची, पांढरी, निळ्या काठाची. त्या काळी असल्या गोष्टी कुणाला विचारायच्याही नसत. पहाटे साडेचारला उठून, कुणी बघायच्या आत, बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं आणि चादर त्यात कोंबली. मला वाटलं, जितकं गरम तितकं स्वच्छ. चादर बाहेर काढली तर डाग तपकिरी होऊन कापडात बसलेला, जसा कुणी इस्त्रीनं उमटवला. रक्तात प्रथिनं असतात. अंडं उकळलं की घट्ट होतं तसंच तेही उष्णतेनं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं चादर उलगडली, बघितली आणि म्हणाली, "गार पाणी, मीठ, आणि लगेच. एवढंच असतं बाई त्याला. मला पत्रात विचारायचं की." पत्रात! आईच सांगू शकायची असं.

गार पाण्यात मीठ घालून भिजवलं तर ताजा डाग बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतो. वाळलेल्याला औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मी वापरते. टाकलं की पांढरा फेस येतो, तो टिपून घ्यायचा आणि परत टाकायचं. मात्र ते रंगही उडवतं, तेव्हा पांढऱ्या कपड्यांनाच. दूध आणि अंड्याचे डागही याच घरातले, त्यांनाही आधी गारच पाणी.

लग्न होऊन गुहागरकडच्या घरात आले आणि सांगलीत कधी न पाहिलेले डाग बघायला मिळाले. चिकाचे. फणसाचा चीक, काजूचा, केळीचा. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी केळफूल सोलायला दिलं. मी हाताला तेल लावलं, तेवढं माहीत होतं. पण साडीचा पदर खोचला नाही. केळफुलाचा चीक पाण्यासारखा दिसतो, त्यामुळे भीतीच वाटत नाही. पदरावर चार थेंब पडले, मी पुसले, झालं असं समजले. संध्याकाळी बघते तर चार तपकिरी ठिपके. दुसऱ्या दिवशी ते काळपट झाले. मी लिंबू लावलं, सोडा लावला, रॉकेल लावलं. सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगो, सोड नाद. तो गेला तर केळीला केळ कोण म्हणेल?"

चिकातली द्रव्यं हवा लागून काळी पडतात आणि सुती धाग्यात जी बसतात ती बसतातच. कोकणात त्यामुळे केळीच्या बागेत जायचे, फणस फोडायचे कपडे वेगळे असतात. फणसाचा चीक हाताला किंवा सुरीला लागला तर तो खोबरेल तेलानं सुटतो, पाण्यानं कधीच नाही. पण केळीच्या चिकासाठी कुणाकडे खात्रीचा घरगुती उपाय आहे असं कुणी सांगितलं, तर मी त्यांच्या दारात साडी घेऊन उभी राहीन. ती अजून आहे, गोधडीच्या आत.

रेशमी साड्या सासूबाई रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या. रिठे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, गाळून. फेस छान येतो आणि रेशमाला साबणासारखं खरखरीत करत नाही. रेशमाला अल्कली सोसत नाही हे त्यामागचं कारण, पण त्यांचं म्हणणं, "किड्यानं विणलंय, त्याला झाडाचंच लावावं." पैठणीवर आमटी सांडली तर मात्र त्यांनीही हात लावला नसता. जरीच्या साडीवर घरगुती प्रयोग करू नयेत हे माझंही मत आहे.

गंजाचा धडा लेकीच्या गणवेशानं दिला. पंधरा ऑगस्टला शाळेचा बिल्ला लावायला सेफ्टी पिन, घरी येताना पाऊस, आणि ओला सदरा पिनेसकट दोन दिवस दप्तराखाली. छातीवर दोन तांबडे ठिपके. पांढरा कपडा म्हणून मी बिनदिक्कत ब्लीचमध्ये टाकला. ठिपके गडद झाले. ब्लीच सेंद्रिय रंग उडवतं, पण गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, त्याला ब्लीच उलट आणखी पक्का करतं. तिथं हवं आम्ल, जे लोखंडाला विरघळवून कापडातून सोडवतं. ठिपक्यावर मीठ पसरलं, वरून लिंबू पिळलं आणि उन्हात ठेवलं. वाळलं की धुवून परत. पहिल्या खेपेला तांबड्याचा पिवळा झाला, तिसऱ्या खेपेला दिसेनासा झाला. नंतर साध्या पाण्यानं खळखळून धुतलं, कारण लिंबाचा रस सुती कापडात तसाच राहिला तर तो धागा खातो. रंगीत कपडा असता तर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघितला असता.

तेलाच्या ताज्या डागांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भज्याचा घाणा सोफ्यावर सांडला तरी घाबरायचं कारण नाही: वर तांदळाचं पीठ किंवा टाल्कम पावडर जाड थापायची, तास-दोन तास राहू द्यायची, झटकायची, मग भांड्याचं लिक्विड. बॉलपेनला सॅनिटायझर किंवा स्पिरिट, खाली टीपकागद ठेवून, बाहेरून आत. चहाच्या कपातले तपकिरी वळे खायच्या सोड्यानं बोटानं घासले तरी जातात. कुकरच्या आत काळं धरू नये म्हणून पाण्यात लिंबाची वापरलेली फोड किंवा आमसूल टाकतात, ते तर प्रत्येक घरात ठाऊक आहे. गणपतीआधी समई नि तांब्या चिंचेनं घासतात तेही त्याच कुळातलं काम. पितळेवरचा काळपटपणा चिंचेतल्या आम्लात विरघळतो. नुसतं मीठ किंवा नुसती राख लावून कितीही दम काढला तरी ती चकाकी येत नाही.

खरा दीर्घकाळचा शत्रू पुण्यात भेटला. बारा वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या कडेच्या एका इमारतीत राहायला आलो. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. कातळातून झिरपत आलेलं जड पाणी. सहा महिन्यांत नळांना पांढरा खरवडा धरला, शॉवरची निम्मी भोकं बुजली, काचेच्या दारावर पाण्याच्या थेंबांची नक्षी उमटली. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार पाणी उडून गेलं की मागे राहतात आणि त्यांची खडूसारखी, पण खडूपेक्षा कितीतरी चिवट, पुटं चढतात. साबणानं ती जात नाहीत, कारण ती मळाची नव्हेत. उलट जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याचाच आणखी एक करडा थर बसतो.

तेव्हा सगळीकडे एक उपाय फिरत होता, अजूनही फिरतो: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतायचं. फसफसून फेस येतो, बघायला मजा वाटते. पण सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. फसफस ही त्यांच्या भांडणाची, डागाशी तिचा संबंध नाही. मी सुद्धा सहा महिने हे केलं. नंतर एकदा घाईत सोडा संपला होता म्हणून नुसतंच व्हिनेगर लावलं, आणि नळ उजळला. तेव्हा सातवीच्या बाई आठवल्या.

आता माझी पद्धत अशी. जुन्या बनियनचा तुकडा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळायचा, वरून रबर. शॉवर निघत नसेल तर दुधाच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरला बांधायची. अर्धा तास. कान जवळ नेला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते, सोडावॉटर ओतल्यावर येते तशी. कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. फडकं काढलं की पुटं मऊ झालेली असतात, जुन्या टूथब्रशनं निघतात. व्हिनेगरचा वास नको असेल तर वाण्याकडचं सायट्रिक अ‍ॅसिड, एक चमचा पेलाभर पाण्यात. रात्रभर ठेवू नये, नळाच्या मुलाम्याला ते सोसत नाही. आणि हे सगळं करून दर पंधरा दिवसांनी परत करावं लागतं. पाणी जड आहे तोवर त्याला सुटका नाही. आमच्या मजल्यावर एक बाई दर आंघोळीनंतर काचेचं दार वायपरनं कोरडं करतात. त्यांची काच बारा वर्षांनीही नवी आहे. मला तेवढी शिस्त नाही.

एका दिवाळीआधी मात्र मी व्हिनेगरवर समाधान मानलं नाही. फरशीच्या सांध्यांत काळं धरलं होतं. आधी ब्लीच ओतलं, पाच मिनिटं थांबले, फरक दिसेना. मग त्यावर संडास साफ करायचं लिक्विड ओतलं. दोन्ही जोरदार, तेव्हा एकत्र आणखी जोरदार, असा माझा हिशोब. पोहण्याच्या तलावाला येतो तसा वास एकदम दहापट होऊन अंगावर आला. घशात कुणी काटेरी दोरा ओढल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. मी दार उघडून बाहेर आले, खिडक्या उघडल्या आणि गॅलरीत अर्धा तास नुसती बसून राहिले. कामाच्या मावशी आत जायला निघाल्या होत्या, त्यांचा हात धरून थांबवलं, एवढं सुचलं. संडासच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचला मिळालं की क्लोरीन वायू निघतो. माझ्यासारखी, जिला हळद लाल का होते हे सातवीपासून ठाऊक, तिला हे सुचू नये? पण हट्टाला पेटलं की "कशाचा आहे?" हा प्रश्न आपण डागाला विचारतो, बाटलीला विचारत नाही. तेव्हापासून त्या दोन बाटल्या माझ्या घरात एका खोलीत राहत नाहीत. तुम्हीही ठेवू नका. आणि मावशींना आपण तोंडानं सांगितलेलं पुरत नाही, बाटल्या वेगळ्या जागी ठेवल्या तरच ते पाळलं जातं.

हे झालं तरी माझा आम्लावरचा विश्वास काही कमी झाला नाही, आणि त्याची शिक्षा गुहागरच्या घरात भोगली. सुट्टीत गेलो होतो. ओट्याच्या कडप्प्यावर भांड्यांचे पांढुरके वळे दिसत होते. नळांवर जिंकलेली मी, लगेच लिंबू कापलं, अर्धी फोड घेऊन ओटा गोल गोल घासला आणि रस तसाच ठेवून चहा प्यायला गेले. परत येऊन पुसला. ओला असताना झकास काळा दिसला. वाळला तशी त्याच्यावर, फोड जिथं जिथं फिरली होती तिथं, करडी निस्तेज भोवरी उमटली. पुसून जाईना, धुऊन जाईना. हा डाग नव्हताच. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, शहाबादी फरशीसारखा. संगमरवरही त्याच जातीचा. नळावरची पुटं ज्या गोष्टीची, बरीचशी त्याच गोष्टीचा आख्खा ओटा. लिंबानं पुटं खावीत आणि दगड सोडावा, इतकं त्याला कळत नाही. वरची चकाकीच खाल्ली गेली होती.

सासूबाईंनी बघितलं, ओट्यावरून बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "कशानं केलंस?" माझ्या आईचाच प्रश्न, जरासा बदलून. मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर भोवरी लपली, चार दिवसांनी परत वर आली. पॉलिशवाला माणूस चिपळूणहून बोलवावा लागेल असं कळलं, तेव्हा तेही राहिलं.

गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा तिथं मिक्सर ठेवलेला होता. प्लगपासून तो फार लांब पडतो, तरी तिथंच आहे.